प्रवर्तक डीएनए क्रम : एका संकल्पनेचा इतिहास (१९६१ ते २०११)

प्रस्तावना

जनुकातील माहिती प्रथिनात उतरण्याच्या प्रक्रियेतील पहिली पायरी म्हणजे प्रतिलेखन होय. डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एका धाग्यावरून आरएनएची प्रत तयार होते आणि हे कार्य आरएनए पॉलिमरेज नावाचे विकर पार पाडते, एवढे आज कनिष्ठ महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. तथापि ई. कोलाय या जीवाणूच्या गुणसूत्रात सुमारे ४६ लक्ष बेसजोड्या असतात. त्यांपैकी नेमक्या कोणत्या जोडीपासून प्रत काढावयास प्रारंभ करावयाचा, हे विकराला कसे उमगते, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर म्हणून आपण 'प्रमोटर' ही संज्ञा सांगतो. प्रस्तुत लेखात तिच्यासाठी 'प्रवर्तक' हा मराठी पर्याय योजला आहे. जनुकाच्या आरंभाजवळचा, विकराला बांधून घेणारा व प्रतिलेखनास प्रवृत्त करणारा डीएनएचा भाग म्हणजे प्रवर्तक, अशी त्याची रूढ व्याख्या आहे.

पदवी व पदव्युत्तर परीक्षांतून 'प्रिबनाउ पेटी म्हणजे काय?' हा दोन गुणांचा प्रश्न हमखास असतो आणि 'टी-ए-टी-ए-ए-टी' ही सहा अक्षरे लिहिली की दोन्ही गुण मिळतात. हे उत्तर चुकीचे आहे असे कोणी म्हणणार नाही. मात्र या सहा अक्षरांकडे आपण एखाद्या कुलुपाच्या किल्लीसारखे पाहू लागलो आहोत, ही बाब विचार करण्याजोगी आहे. ही अक्षरे कोणी एका जनुकात 'शोधली' नाहीत. ती अनेक प्रवर्तक एकाखाली एक मांडून काढलेली सरासरी आहे. सरासरी उंचीचा मनुष्य गावात प्रत्यक्ष सापडेलच असे नसते, तसेच येथेही आहे. ही सरासरी कशी अस्तित्वात आली, तिने काय स्पष्ट केले आणि काय झाकून ठेवले, याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

नकाशावरील एक बिंदू

आरएनए पॉलिमरेजचा शोध १९५९-६० च्या सुमारास लागला. सॅम्युएल वाइस, जेरार्ड हुर्विट्झ, ऑड्री स्टीव्हन्स आणि जेम्स बॉनर यांच्या प्रयोगशाळांनी परस्परांपासून स्वतंत्रपणे हे विकर दाखवून दिले. याच सुमारास पॅरिस येथील पाश्चर संस्थेत फ्रान्स्वा जाकोब व जाक मोनो हे ई. कोलायच्या दुग्धशर्करा पचविणाऱ्या जनुकांवर काम करीत होते. त्यांचा १९६१ चा विख्यात निबंध 'ऑपेरॉन' ही संकल्पना घेऊन आला. त्यात नियामक जनुक होते, त्याचा रिप्रेसर होता, तो जेथे बसतो तो ऑपरेटर होता. परंतु प्रवर्तक मात्र नव्हता. ऑपेरॉनचा आरंभ ऑपरेटरपासूनच होतो, असे त्यांनी गृहीत धरले होते. ऑपेरॉनमधील सर्वच जनुके एकदम मूक करणारी काही उत्परिवर्तने त्यांना सापडली होती व ती ऑपरेटरमध्येच आहेत असे त्यांना वाटले. पुढे ही उत्परिवर्तने ऑपरेटरमध्ये नसून पहिल्याच जनुकाच्या आरंभी असल्याचे निष्पन्न झाले.

ही गल्लत दुरुस्त करताना प्रवर्तकाचा जन्म झाला, हे या इतिहासातील एक लक्षणीय वळण होय. १९६४ मध्ये जाकोब, अ‍ॅग्नेस उलमान आणि मोनो यांनी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या पत्रिकेत एक छोटासा निबंध प्रसिद्ध केला. ऑपरेटर काढून टाकला तरी ऑपेरॉन कार्यरत राहू शकतो. म्हणजे जनुकांच्या अभिव्यक्तीसाठी अनिवार्य असा घटक ऑपरेटरहून वेगळा असला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले आणि त्या घटकास 'प्रोमोतर' हे नाव दिले. उलमान या हंगेरीतून पॅरिसला आलेल्या संशोधिका. या संकल्पनेच्या नामकरणात त्यांचा वाटा असूनही पाठ्यपुस्तकांत त्यांचे नाव क्वचितच आढळते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९६४ साली प्रवर्तकाला ना अक्षरे होती ना लांबी. तो केवळ कार्यावरून अनुमानलेला, जनुकीय नकाशावरील एक बिंदू होता आणि त्या बिंदूचा पत्ताही चुकलेलाच होता! पॅरिसच्या गटाने त्याला ऑपरेटर आणि पहिले जनुक यांच्या दरम्यान बसविले होते. १९६६ मध्ये जॉन स्केफ व जोनाथन बेकविथ यांनी अशी उत्परिवर्तने अभ्यासली की ज्यांच्यामुळे रिप्रेसरचा अडथळा नसतानाही ऑपेरॉनची कमाल क्षमताच घटते. त्यानंतर १९६८ मध्ये इपेन, मिलर, स्केफ व बेकविथ यांनी ही उत्परिवर्तने नियामक जनुक आणि ऑपरेटर यांच्या मधोमध येतात असे सिद्ध केले. म्हणजे प्रवर्तक ऑपरेटरच्या अलीकडे सरकला. आज आपण फळ्यावर प्रवर्तक, ऑपरेटर, जनुक असा जो क्रम सहज रेखाटतो, तो निश्चित व्हायला सात वर्षे लागली.

याच काळात रासायनिक बाजूनेही काही माहिती मिळत होती. हुर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत काम करणारे उमादास मैत्र यांनी १९६५ मध्ये हुर्विट्झ यांच्यासमवेत दाखवून दिले की, नव्या आरएनए साखळीचे पहिले अक्षर बहुधा ए किंवा जी असते आणि त्याचे तिन्ही फॉस्फेट गट शाबूत राहतात. प्रतिलेखन कोठूनही, कसेही सुरू होत नाही, याचा हा एक आरंभीचा रासायनिक पुरावा होता.

विकराचा हरवलेला अंश

प्रवर्तक हा डीएनएचा भाग असेल तर त्याला ओळखणारे विकरात काहीतरी असले पाहिजे. ते 'काहीतरी' अनपेक्षितपणे हाती लागले. हार्वर्ड विद्यापीठात जेम्स वॉटसन यांच्या प्रयोगशाळेत रिचर्ड बर्जेस हे संशोधक विद्यार्थी आरएनए पॉलिमरेज शुद्ध करीत होते. फॉस्फोसेल्युलोजच्या स्तंभातून ते विकर काढले असता ते अधिक शुद्ध झाले. पण वासराच्या थायमस ग्रंथीतील डीएनएवर उत्तम काम करणारे हेच विकर टी-४ या जीवाणुभक्षी विषाणूच्या अखंड डीएनएवर जवळजवळ निष्क्रिय ठरले. शुद्धीकरणात काहीतरी गळून गेले होते. स्तंभातून वेगळा निघालेला दुसरा अंश परत मिसळताच विकराची क्षमता पूर्ववत झाली. अँड्र्यू ट्रॅव्हर्स यांचे कार्य आणि रटगर्स विद्यापीठातील जॉन डन व एकेहार्ड बाउट्झ यांचे स्वतंत्र निरीक्षण यांचा मेळ घालून या चौघांचा संयुक्त निबंध जानेवारी १९६९ मध्ये 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गळालेल्या त्या प्रथिनाला 'सिग्मा' हे नाव मिळाले.

या प्रयोगातील वासराच्या डीएनएची भूमिका मला विशेष उद्बोधक वाटते. तयार मिळणाऱ्या त्या डीएनएत ठिकठिकाणी चिरा व तुटलेली टोके असत आणि सिग्माविरहित विकर तेथून कसेही काम सुरू करू शके. फक्त तेवढ्यावरच चाचणी घेतली असती तर विकर 'शुद्ध व सक्षम' असा निर्वाळा मिळाला असता आणि सिग्मा कित्येक वर्षे अज्ञात राहिला असता. प्रतिलेखन करता येणे आणि ते योग्य जागी सुरू करता येणे या दोन वेगळ्या क्षमता आहेत, हे त्या दोन डीएनए नमुन्यांतील फरकाने उघड केले. विकराचा गाभा साखळी लांबवतो, तर आरंभस्थान सिग्मा ओळखतो. प्रारंभ झाल्यावर सिग्मा सुटून दुसऱ्या गाभ्याला जोडला जाऊ शकतो, असेही ट्रॅव्हर्स व बर्जेस यांनी त्याच वर्षी सुचविले. पुढे बॅसिलस सबटिलिसच्या बीजाणू निर्मितीचा अभ्यास करताना रिचर्ड लोसिक व सहकाऱ्यांना, तसेच ई. कोलायच्या उष्णताजन्य प्रतिसादाचा अभ्यास करताना कॅरोल ग्रॉस व सहकाऱ्यांना अन्य सिग्मा आढळले. ई. कोलायमध्ये असे सात सिग्मा असून प्रत्येकाची पसंतीची अक्षरे निरनिराळी आहेत. म्हणूनच 'प्रवर्तकाचा क्रम' असे एकवचनी बोलणे हेच मुळात सैल बोलणे आहे.

अक्षरांचे वाचन आणि सरासरीचा उदय

१९७५ हे वर्ष निर्णायक ठरले. हार्वर्डमधील विद्यार्थी डेव्हिड प्रिबनाउ यांनी टी-७ विषाणूच्या प्रवर्तकावर विकर बसू दिले आणि मग डीएनए कापणाऱ्या विकराने उघडा भाग पचवून टाकला. पॉलिमरेजच्या आडोशाला सुमारे ४० बेसजोड्यांचा तुकडा शिल्लक राहिला. मॅक्सम-गिल्बर्ट व सँगर यांच्या क्रमवाचनाच्या सुलभ पद्धती १९७७ मध्ये आल्या. त्यामुळे प्रिबनाउ यांचे वाचन अत्यंत कष्टाचे होते. हा क्रम त्यांनी तोवर ज्ञात असलेल्या मोजक्याच प्रवर्तकांच्या शेजारी ठेवला. आरंभबिंदूच्या सुमारे दहा अक्षरे आधी सात अक्षरांचा एक समान ठसा त्यांना दिसला. त्याच वर्षी हाइन्झ शॅलर, ख्रिस्तोफर ग्रे व कारिन हेरमान यांनी एफ-डी विषाणूच्या प्रवर्तकावर असेच कार्य प्रसिद्ध केले. काही ग्रंथांत 'प्रिबनाउ-शॅलर पेटी' असा न्याय्य उल्लेख सापडतो. आपल्या टिपणांत मात्र शॅलर वगळले गेले ते कायमचेच.

या शोधाला तेव्हाच एक गाठ बसली होती. पॉलिमरेजने राखलेला तो तुकडा वेगळा करून पुन्हा विकरासमोर ठेवला असता विकर त्याला पुरेसे बांधलेच जाईना! ज्या तुकड्यावर विकर बसले होते, तोच तुकडा त्याला बोलावण्यास अपुरा होता. याचा अर्थ ओळख पटविणारा आणखी एक भाग अधिक अलीकडे, राखलेल्या तुकड्याच्या कडेवर वा बाहेर असला पाहिजे. उत्परिवर्तनांच्या जागा आणि वाढत चाललेले क्रम यांच्या साहाय्याने पुढील काही वर्षांत हा दुसरा भाग आरंभबिंदूच्या ३५ अक्षरे आधी निश्चित झाला. उणे १० आणि उणे ३५ ही आज सर्वपरिचित असलेली जोडी अशी साकारली. (या मोजपट्टीवर शून्य नाही. उणे १ नंतर थेट अधिक १ येतो आणि गणिताच्या प्राध्यापकांना ते कधीच रुचत नाही.)

१९८३ मध्ये डायान हॉली आणि विल्यम मॅक्लूर यांनी १६८ प्रवर्तकांचे संकलन केले. त्यांपैकी पुरेशा पुराव्याने निश्चित झालेल्या ११२ प्रवर्तकांवरून त्यांनी सहमतीचा क्रम काढला : उणे ३५ पाशी टी-टी-जी-ए-सी-ए आणि उणे १० पाशी टी-ए-टी-ए-ए-टी. या निबंधाचे खरे मोल क्रमापेक्षाही त्यासोबतच्या दुसऱ्या कोष्टकात आहे. त्यांनी ९८ उत्परिवर्तनांची नोंद केली व दाखविले की, प्रवर्तक दुर्बल करणारी उत्परिवर्तने बहुतांशी सहमतीच्या क्रमापासून दूर नेतात, तर सबळ करणारी त्याच्या जवळ आणतात. सरासरी ही निव्वळ गणिती कल्पना नसून तिला कार्याचा आधार आहे, हे या कोष्टकाने सिद्ध केले. १९८७ मध्ये हार्ली व रेनल्ड्स यांनी २६३ प्रवर्तक तपासले. त्यांपैकी ९२ टक्क्यांत दोन्ही पेट्यांमधील अंतर १६ ते १८ अक्षरांचे भरले.

आता या सरासरीकडे थोडे बारकाईने पाहू. पाठ्यपुस्तकांत वारंवार उद्धृत होणाऱ्या टक्केवारीनुसार उणे १० च्या पेटीतील सहा अक्षरे अनुक्रमे ८०, ९५, ४५, ६०, ५० व ९६ टक्के प्रवर्तकांत आढळतात. उणे ३५ च्या पेटीत हेच आकडे ८२, ८४, ७८, ६५, ५४ व ४५ असे आहेत. प्रत्येक स्थान दुसऱ्यापासून स्वतंत्र आहे असे क्षणभर मानून या संख्यांचा गुणाकार केला, तर उणे १० ची पेटी तंतोतंत जुळण्याची शक्यता सुमारे १० टक्के येते. दोन्ही पेट्या एकाच वेळी तंतोतंत जुळण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी भरते, आणि त्यात १७ अक्षरांच्या आदर्श अंतराची अट अजून घातलेलीच नाही. तात्पर्य, ज्याला आपण वर्गात 'प्रवर्तक' म्हणून लिहून देतो तो क्रम निसर्गात जवळजवळ दिसतच नाही.

याचा अर्थ निसर्ग आदर्शापासून ढळला आहे, असा घ्यावयाचा काय? मला तसे वाटत नाही. ज्या लॅक ऑपेरॉनपासून ही सारी कथा सुरू झाली, त्याचेच उदाहरण घ्यावे. त्याच्या प्रवर्तकाची उणे १० पेटी टी-ए-टी-जी-टी-टी अशी आहे आणि उणे ३५ पेटी टी-टी-टी-ए-सी-ए अशी आहे. पहिलीत दोन अक्षरे निराळी, दुसरीत एक, आणि मधले अंतर १८ अक्षरांचे. हा प्रवर्तक स्वभावतःच दुबळा आहे व या दुबळेपणातच त्याची उपयुक्तता आहे. ग्लुकोज संपल्यावर पेशीतील चक्रीय एएमपी वाढते, त्याला बांधलेले सीएपी हे प्रथिन प्रवर्तकाशेजारी बसते आणि विकराला आधार देते. प्रवर्तक स्वतःच सबळ असता तर या आधाराची गरज उरली नसती आणि ग्लुकोज मुबलक असतानाही जीवाणूने दुग्धशर्करेच्या विकरांवर शक्ती खर्च केली असती. १९७० मध्ये सिल्व्हरस्टोन, अर्डिटी व मॅगसॅनिक यांनी वर्णिलेल्या यूव्ही-५ या उत्परिवर्तित प्रवर्तकात नेमके हेच घडते. त्याची उणे १० पेटी दोन अक्षरांच्या बदलाने टी-ए-टी-ए-ए-टी अशी 'आदर्श' झाली असून त्याला सीएपीची मातब्बरी उरलेली नाही. प्रयोगशाळेत असा प्रवर्तक सोयीचा असतो, जीवाणूला मात्र तो परवडणारा नाही. दुसऱ्या टोकाला, सर्व बाबतींत सहमतीच्या क्रमाशी जुळणारा कृत्रिम प्रवर्तक विकराला इतका घट्ट धरून ठेवतो की त्याला तेथून निघणेच जड जाते, असेही पुढील प्रयोगांत आढळले. १९९० मध्ये थॉमस श्नायडर व माइक स्टीफन्स यांनी प्रत्येक स्थानावरील अक्षरांचे प्रमाण त्यांच्या उंचीने दाखविणारी 'सिक्वेन्स लोगो' ही आकृतिपद्धती मांडली. सहा अक्षरांचे एक शब्दरूप लिहिण्यापेक्षा ती कितीतरी प्रामाणिक आहे. परंतु आपल्या क्रमिक पुस्तकांत ती अभावानेच आढळते.

खुरानांची कसोटी

एखादी गोष्ट कळली आहे हे सिद्ध करण्याचा एक मार्ग म्हणजे ती स्वतः घडवून दाखविणे. हरगोविंद खुराना यांनी तो मार्ग पत्करला. त्यांच्या गटाने १९७० मध्ये जगातील पहिले कृत्रिम जनुक तयार केल्याचे जाहीर केले. ते यीस्टच्या अ‍ॅलनिन टीआरएनएचे, ७७ बेसजोड्यांचे जनुक होते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने तो पराक्रमच होता. तथापि त्याला आरंभ व अंत दर्शविणारी चिन्हे नसल्याने पेशीत त्याचे कार्य पाहता येणे शक्य नव्हते. ग्रंथ संपूर्ण, पण तो कोठून वाचावयाचा हे सांगणारे पहिले पान गहाळ, अशी ती स्थिती होती. मग मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी ई. कोलायचे टायरोसिन टीआरएनएचे सप्रेसर जनुक हाती घेतले. त्याच्या प्रवर्तकाचा क्रम स्वतः वाचला आणि सुमारे ५० बेसजोड्यांचा प्रवर्तक, १२६ बेसजोड्यांचा मूळ भाग व पुढचा शेवटचा भाग असे मिळून २०७ बेसजोड्यांचे संपूर्ण जनुक जुळवून १९७६ मध्ये जाहीर केले. हे जनुक कार्य करू लागले तरच ज्याची वाढ होऊ शकेल अशा सदोष विषाणूत ते घातले आणि विषाणू वाढला. प्रवर्तकाविषयीचे ज्ञान किती खरे, याचा याहून निर्विवाद पुरावा त्या काळी दुसरा नव्हता. खुरानांचा उल्लेख आपल्याकडे १९६८ च्या नोबेल पारितोषिकापाशी व जनुकीय संकेतापाशी थांबतो. प्रवर्तकाच्या इतिहासात त्यांचे हे स्थान तितकेच नोंदले जावयास हवे.

टाटा पेटी आणि तिचे अल्पमत

केंद्रकयुक्त पेशींची कथा याला समांतर, पण अधिक गुंतागुंतीची आहे. रॉबर्ट रोडर व विल्यम रटर यांनी १९६९ मध्ये या पेशींत एक नव्हे तर अनेक आरएनए पॉलिमरेज असल्याचे दाखविले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्ड येथे डेव्हिड हॉगनेस यांचे विद्यार्थी मायकेल गोल्डबर्ग यांना फळमाशीच्या हिस्टोन जनुकांचे क्रम तपासताना आरंभबिंदूच्या साधारण २५ ते ३० अक्षरे आधी टी-ए-टी-ए-ए-ए असा ठसा दिसला. हे निरीक्षण १९७९ च्या त्यांच्या पीएच.डी. प्रबंधात आहे. रीतसर शोधनिबंधापेक्षा प्रबंधाच्या व तोंडोतोंडी चर्चेच्या वाटेने इतक्या दूर गेलेले दुसरे उदाहरण आधुनिक जीवशास्त्रात विरळाच. (टाटा पेटी म्हणताच वर्गात जमशेदजींची आठवण निघते. अध्यापकाने त्या हशाचा लाभ घ्यावा, कारण त्यानंतर संज्ञा विस्मरणात जात नाही.)

जीवाणूंतील पेटीशी साम्य दिसताच ही पेटी म्हणजे केंद्रकयुक्त पेशींतील प्रारंभाची किल्ली, असा समज झपाट्याने रूढ झाला. परंतु १९८० मध्येच रुडॉल्फ ग्रोशेडल व मॅक्स बर्नस्टील यांनी समुद्री साळिंद्राच्या हिस्टोन जनुकातून ही पेटी काढली असता प्रतिलेखन बंद न पडता त्याचे आरंभबिंदू विखुरल्याचे दाखविले होते. १९८९ मध्ये स्टीफन स्मेल व डेव्हिड बाल्टिमोर यांनी टाटा पेटीविरहित जनुकात आरंभबिंदूलाच लागून असलेला 'इनिशिएटर' हा घटक वर्णिला. १९८१ मध्ये झुरिक येथील बॅनर्जी, रुस्कोनी व शाफ्नर यांनी वर्णिलेला 'एन्हान्सर' तर हजारो अक्षरे दूर राहूनही प्रभाव टाकत होता. २००६ मध्ये पिएरो कार्निन्ची व सहकाऱ्यांनी मानव आणि उंदीर यांच्या जनुकांच्या आरंभबिंदूंचे विराट सर्वेक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा टाटा पेटी असलेले, एकाच बिंदूपासून सुरू होणारे प्रवर्तक अल्पसंख्य ठरले. बहुसंख्य प्रवर्तक सी व जी अक्षरांनी समृद्ध प्रदेशांत असून तेथे आरंभ एका ठिकाणी न होता पट्ट्यावर पसरलेला असतो. जे जनुक प्रथम हाताशी आले, ते हिस्टोनसारखे विपुल प्रमाणात व्यक्त होणारे होते, आणि अशाच जनुकांत टाटा पेटी अधिक आढळते. नमुना निवडीचा हा दोष आपल्या समाजशास्त्राच्या सहकाऱ्यांना तत्काळ ओळखू येईल.

अक्षरे वाचली जातात ती कशी?

येथवर क्रमाची कथा झाली. प्रक्रियेची कथा तिच्या आतून वाहते. विकर प्रथम दुहेरी धाग्यावर बसते, ही 'बंद' अवस्था. मग प्रवर्तकाजवळचे सुमारे एक वेटोळे उलगडते, ही 'उघडी' अवस्था. मायकेल चेंबरलिन यांच्या १९७४ च्या समीक्षालेखाने हे द्विपदी वर्णन प्रस्थापित केले आणि १९८० मध्ये मॅक्लूर यांनी दोन्ही पायऱ्यांचा वेग स्वतंत्रपणे मोजण्याची पद्धत दिली. प्रवर्तकाचे बळ म्हणजे केवळ विकराला पकडण्याचे बळ नव्हे, हे त्यातून स्पष्ट झाले. एखादा प्रवर्तक विकराला सहज पकडतो पण उघडण्यास विलंब लावतो. दुसऱ्याचे नेमके उलट असते.

उघडल्यानंतरही प्रारंभ सुरळीत होत नाही. विकर काही अक्षरांचे आखूड आरएनए तुकडे तयार करून सोडून देते आणि पुन्हा पहिल्यापासून आरंभ करते. २००६ मध्ये रिचर्ड एब्राइट व सहकाऱ्यांच्या दोन निबंधांनी दाखविले की, या काळात विकर जागचे हलत नाही, ते पुढचा डीएनए स्वतःकडे ओढून गोळा करते. ताणलेल्या धाग्याची ही ऊर्जा साचत जाऊन अखेर ते प्रवर्तकापासून सुटते. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन या औषधाचा आघात याच क्षणावर असतो. त्याच्या वर्गातील औषधे आरएनए पॉलिमरेजला रोखतात, हे हार्टमान व सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये दाखविले होते. २००१ मध्ये सेठ डार्स्ट यांच्या गटाने रचना उलगडली तेव्हा औषध बीटा उपघटकात नव्या आरएनएच्या वाटेवरच बसत असल्याचे दिसले. साखळी दोन-तीन अक्षरांची होते आणि भिंतीला अडते. आपल्या जिल्हा रुग्णालयांतील सीबीनॅट यंत्र थुंकीच्या नमुन्यात ज्या जनुकाचे बदल तपासते, ते आरपीओ-बी जनुक याच बीटा उपघटकाचे आहे. प्रतिलेखनाच्या प्रारंभाचा प्रश्न आपल्या परिसराशी जोडला जातो तो येथे.

राहता राहिला सहा अक्षरांचा प्रश्न. उणे १० ची पेटी नेमकी त्याच भागात आहे जो उलगडून एकेरी होतो, हे विशेष आहे. २०११ मध्ये आंद्रे फेक्लिस्टोव्ह व डार्स्ट यांनी सिग्माचा संबंधित भाग आणि एकेरी डीएनए यांची स्फटिकरचना प्रसिद्ध केली. तीत उणे ११ वरील ए आणि उणे ७ वरील टी ही दोन अक्षरे धाग्याच्या रांगेतून बाहेर वळून सिग्माच्या खोबणींत बसलेली आढळली. म्हणजे ही पेटी वाचली जाते ती धागा उघडता उघडता. वाचणे व उघडणे या दोन क्रिया येथे एकच आहेत. सहमतीच्या क्रमातील ९५ व ९६ टक्के हे सर्वोच्च आकडे याच दोन स्थानांचे आहेत. हॉली व मॅक्लूर यांच्या कोष्टकात हा फरक अठ्ठावीस वर्षे आधी उघड्यावर होता. आपण सहाही अक्षरे एकाच ठशात छापल्यामुळे तो दिसत नव्हता. लॅक ऑपेरॉनचा तो दुबळा प्रवर्तकही या दृष्टीने पुन्हा पाहण्यासारखा आहे. टी-ए-टी-जी-टी-टी या त्याच्या पेटीत सहमतीपासून ढळलेली अक्षरे उणे ९ आणि उणे ८ या स्थानांची आहेत. उणे ११ वरचा ए आणि उणे ७ वरचा टी जागच्या जागी आहेत.